हयातीचा दाखला आणि थ्रेलसाहेब

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात टिपणीसकाका समोरून येताना दिसले की लोक फोन कानाला लावायचे. फोन आलेला नसला तरी. माणूस वाईट होता का? छे! कुणाला विमानतळावर सोडायचंय, कुणाच्या पोराला गणित शिकवायचंय, कधी नाही म्हणायचे नाहीत. पण संभाषण भाजीपासून सुरू होवो, टॅक्सपासून होवो की गुडघ्यापासून, ते फिरून फिरून एडमंड थ्रेलवर यायचं. आणि थ्रेल एकदा आला की जायचं नाव घ्यायचा नाही.

आता हा थ्रेल कोण, ते सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही फोन कानाला लावायच्या आत माझं काम होईल. थ्रेल हा दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला ब्रिटिश कॉन्सुल. मोठा माणूस नव्हे हो. तेव्हा राजदूत आणि त्यांचे सेक्रेटरी वरच्या पंगतीचे, आणि कॉन्सुल लोक खालच्या. वरच्यांनी तह करायचे, मेजवान्या झोडायच्या. खालच्यांनी बंदरात अडकलेले खलाशी सोडवायचे, पासपोर्टवर शिक्के मारायचे, परदेशात मेलेल्यांना पुरायचं. थ्रेलने हे रीगात केलं, ताब्रीझमध्ये केलं, मॉन्टेव्हिडिओत केलं, आणि जन्मभर दर आठवड्याला आपल्या बहिणीला पत्र लिहिलं. सरकारी टपालाची सीलबंद थैली ज्या दिवशी लंडनला निघायची त्या दिवशी सगळं ऑफिस माना खाली घालून लिहीत बसायचं. थ्रेलचं पत्र त्याच थैलीतून जायचं. त्याच्या भाचीने इथल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि येताना मामाची सगळी पत्रं घेऊन आली. म्हणून ती खोकी नॉर्थ कॅरोलिनात, एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत.

नरेंद्र टिपणीस, म्हणजे आपले काका, औषध कंपनीतून निवृत्त झालेला संख्याशास्त्राचा माणूस, त्या लायब्ररीत गेला होता भलत्याच कामाला. तिथल्या बाईंनी चुकीचं खोकं आणून दिलं. झालं! तेव्हापासून अकरा वर्षं ते थ्रेलचं चरित्र लिहीत होते, तेही मराठीत. त्यांचा मुलगा मिहीर दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला असतो, मोठ्या कंपनीत, रविवारी न चुकता फोन करतो, पोरगा गुणी आहे. त्याने एकदा विचारलं होतं, ‘बाबा, बट हू इज द ऑडियन्स?’ प्रश्न प्रेमाने विचारलेला होता. म्हणूनच जास्त लागला.

ऑडियन्स होता की! एक होता. सरला.

सरलाकाकू संध्याकाळी डायनिंग टेबलाशी मेथी निवडत बसायच्या आणि काका समोर बसून लिहिलेलं वाचून दाखवायचे. काकूंना रीगा कुठे आहे ते ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. पण काका श्वास घ्यायला थांबले की मेथीवरून नजर न उचलता त्या म्हणायच्या, ‘मग?’ बस्स, एवढंच. काकांना वाटायचं ही नुसती तोंडाने म्हणते. म्हणून एकदा त्यांनी मुद्दाम दोन पानं गाळली. काकू म्हणाल्या, ‘अहो, पण त्याच्या दाढेचं काय झालं? गेल्या वेळी ठणकत होती ना?’ काका त्या दिवशी इतके खूश झाले की स्वतः उठून चहा केला.

काका वाचत वाचत थ्रेल निवृत्त झाला इथपर्यंत आले आणि काकू हॉस्पिटलमध्ये गेल्या. काका शेवटचं प्रकरण घेऊन तिथे गेले होते. काकू म्हणाल्या, ‘आता नको. शेवट घरी जाऊन ऐकते, नीट.’ त्या घरी आल्याच नाहीत. त्याला तीन वर्षं झाली. ते शेवटचं प्रकरण कुणीही ऐकलेलं नव्हतं. काका ते एकटे मोठ्याने वाचायला बसले होते एकदा, पण पहिल्या परिच्छेदानंतर थांबले आणि स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू आली. कागद मिटून ठेवला त्यांनी. एकदा, फक्त एकदाच, ते प्रकरण कुणाला तरी शेवटपर्यंत ऐकवायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाची उरली होती. पुस्तक छापून नको होतं. सत्कार नको होता. कुणीतरी समोर बसून ‘मग?’ म्हणायला हवं होतं.

आणि त्यासाठी त्यांनी मंडळाचा सेक्रेटरी राजेश याच्यामागे लकडा लावला. राजेश नागपूरचा, आयटीतला, मनाने मऊ आणि कामाखाली दबलेला. गणपतीत त्याने काकांना पाऊण तास कबूल केला. त्याचा अर्धा तास झाला, मग दहा मिनिटं झाली, आणि शेवटी आरती आणि जेवण यांच्या मधे माइक हातात दिला तेव्हा निम्मी जनता मसालेभाताच्या रांगेत लागलेली होती. दिवाळीला मुलांचा फॅन्सी ड्रेस लांबला आणि कार्यक्रमच कॅन्सल झाला. घडी घातलेले कागद पुन्हा खिशात गेले.

राजेशला ते दिसलं होतं. म्हणून नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला. ‘काका, आयडिया आहे! लोक काय करतात यार, उठून जातात. बरोबर? तर मी तुम्हाला असे लोक देतो जे उठूच शकत नाहीत.’

‘म्हणजे तुरुंगात बोलायचं का मी?’

‘कॉन्सुलर कॅम्प, काका! सॅटर्डेला. अटलांटाच्या भारतीय कॉन्सुलेटमधून ऑफिसर्स येतायत, आपण हॉल देतोय. ओसीआय कार्ड, पासपोर्ट, सगळं. साठेक माणूस टोकन घेऊन नुसता बसून असणार. तुमचा विषय पण कॉन्सुलचाच. परफेक्ट नाही का?’

काकांना हसावं की रागवावं कळेना. पण रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि ती आनंदाने लागली नाही, हेही खरंच आहे. शनिवारी त्यांनी नेव्ही ब्लू कोट काढला. त्याचं वरचं बटण सैल झालं होतं. काकू असत्या तर त्यांनी टाचलं असतं. काकांनी स्वतः टाचलं, वाकडं.

कम्युनिटी हॉल गच्च भरला होता. एका टोकाला पार्टिशनच्या पलीकडे अधिकाऱ्यांची टेबलं, आणि अलीकडे घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर, फोल्डरात सात जन्मांचे कागद. पडद्यावर काकांनी थ्रेलचा फोटो लावला: लांब नाक, खोल गेलेले डोळे, ताठ कॉलर. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी शेजारच्याला विचारलं, ‘हे नवीन कॉन्सुल जनरल का?’

काकांनी सुरुवात चांगली केली. खूप दिवसांनी एवढी डोकी समोर होती, आवाज चढला, हात हलायला लागले. थ्रेल एकोणीसशे वीस साली पहिल्यांदा रीगाला उतरला तेव्हा त्याची ट्रंक दुसऱ्याच देशात गेली होती आणि त्याने आठवडाभर एकच शर्ट रात्री धुऊन सकाळी घातला, इथे लोक हसले. अहो, खरंच हसले! काकांच्या अंगात वीज आली.

पण एक घोटाळा होता. हॉलमध्ये माइक एकच होता. आणि टोकनचा नंबर पुकारायचा तोही त्याच माइकवरून.

‘सॉरी काका, एकच सेकंद,’ म्हणत राजेश यायचा, माइक हातातून घ्यायचा, ‘टोकन नाइन, टेन, इलेव्हन प्लीज!’ आणि तिघं उठायचे. जाताना काकांकडे बघून ओशाळं हसायचे. काका पुन्हा सुरू करायचे. ताब्रीझमध्ये थ्रेलला अंगदुखी, त्याने बहिणीला लिहिलंय की इथला बर्फ... ‘सॉरी काका!’ ट्वेल्व्ह, थर्टीन. माणसं आत जायची ती कामं आटोपून दुसऱ्या दाराने थेट पार्किंगमध्ये. परत कोण येतंय? शनिवार होता, मुलांचे सॉकर होते, कॉस्टकोची आठवड्याची खरेदी होती.

मधेच एका तरुण बाईने हात वर केला. काका थबकले. प्रश्न! थ्रेलवर कुणीतरी प्रश्न विचारत होतं!

‘काका, ओसीआयच्या फॉर्ममध्ये जुना पासपोर्ट नंबर टाकायचा की नवा?’

‘दोन्ही,’ काका म्हणाले. त्यांना ठाऊक होतं म्हणून सांगितलं. काय करणार?

थ्रेल मॉन्टेव्हिडिओला पोचला तोपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. काका भराभर बोलायला लागले. ताबडतोब शेवटच्या प्रकरणाशी पोचलं पाहिजे, माणसं संपायच्या आत. इथे राग यावा की दया, माझं मलाच कळत नाही. सत्तरी ओलांडलेला शहाणा माणूस, अकरा वर्षांची मेहनत, आणि तो टोकन नंबरांशी शर्यत लावतोय! एकेक खुर्ची रिकामी होत होती आणि प्रत्येक वेळी काकांचा आवाज थोडा आणखी चढत होता.

शेवटी एकच श्रोता उरला. म्हणजे उरली. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पांढरी साडी, त्यावर मुलाचं जाकीट, पायांत स्पोर्ट्स शूज. मांडीवर एकच पातळ फोल्डर. पद्मजा देवपुजारी. अमरावतीच्या कॉलेजात तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यावर मुलाने इकडे आणलेल्या. काकांनी त्यांना मंडळात एकदोनदा पाहिलं होतं, कोपऱ्यात बसलेल्या. बाई झोपलेल्या नव्हत्या. फोनवरही नव्हत्या. चक्क ऐकत होत्या.

काकांनी माइक खाली ठेवला. एका माणसासाठी माइक कशाला? ते पुढे आले आणि म्हणाले, ‘आता शेवटचा भाग. तुम्ही कशासाठी आलाय?’

‘हयातीच्या दाखल्यासाठी,’ पद्मजाबाई म्हणाल्या. ‘पेन्शनला लागतो ना, दर नोव्हेंबरला. जिवंत आहे म्हणून सही-शिक्का.’

काकांचे डोळे चमकले. ‘अहो, काय सांगता! शेवटचा भाग त्याच्यावरच आहे!’

आणि होतंच तसं. रीगात असताना थ्रेलकडे म्हातारी इंग्रज माणसं यायची. श्रीमंतांची पोरं सांभाळून थकलेल्या गव्हर्नेस, एक जहाजांचा वाटाड्या, एक घड्याळजी. त्यांची पेन्शन लंडनहून यायची आणि त्यासाठी ती माणसं हयात आहेत असं कॉन्सुलने लिहून द्यायचं असे. काम सहीचं, क्षणाचं. पण थ्रेलने टेबलाशेजारी खुर्ची मांडून घेतली. आलेल्या माणसाला बसवायचं, चहा द्यायचा, आणि सही करण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ‘या वर्षात काय केलंत?’ नियमात असलं काही नव्हतं. पण थ्रेलचं म्हणणं, सहीवरून हात जिवंत आहे एवढंच कळतं. माणूस जिवंत आहे की नाही, ते विचारल्याशिवाय कसं कळणार? लंडनहून विचारणा झाली की दाखल्यांना इतका उशीर का लागतो. थ्रेलने उत्तर पाठवलं की मृत्यूचा दाखला पटकन होतो, जिवंत माणसाला जरा वेळ द्यावा लागतो.

पद्मजाबाई पहिल्यांदा हसल्या. ‘बरा होता की माणूस.’

‘नाहीतर काय! तर तो निवृत्त झाला. लग्न केलं नव्हतं, इंग्लंडमध्ये बहीण सोडून कुणी नाही. तेव्हा स्वस्त पडायचं म्हणून स्वित्झर्लंडमध्ये, व्हेवे नावाच्या गावी एका बोर्डिंगात राहिला. आणि पहिलं वर्ष संपलं...’

‘टोकन सिक्स्टी-टू!’ राजेशने माइक उचलला होता. ‘देवपुजारी काकू, तुमचा नंबर!’

पद्मजाबाई उभ्या राहिल्या. फोल्डर छातीशी धरलं, काकांकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होत्या. ‘काकू, या या, ऑफिसर्सना लंचला जायचंय,’ राजेश त्यांना कोपराला धरून घेऊन गेला.

काका उभेच होते. समोर खुर्च्या. कुणाचा तरी पेन खाली पडलेला. पडद्यावर थ्रेल. रिकाम्या खुर्च्यांना उरलेलं प्रकरण ऐकवावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं, पण फ्रिजची घरघर आठवली. त्यांनी कागद जुळवले, घडी घातली. प्रोजेक्टर बंद केला. कोटाच्या वाकड्या बटणाशी बोटं चाळा करत राहिली. रडू येत होतं, म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांदेखत रडू येतं तसं, म्हणजे नाक ओढत आणि चष्मा पुसत.

राजेश येऊन म्हणाला, ‘काका, मस्त झालं हं! लोकांचा वेळ छान गेला.’ बिचारा मनापासून म्हणाला. काकांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, ‘थँक यू रे,’ म्हणाले, आणि खुर्च्या मिटायला लागले. एक मिटली, दुसरी मिटली. तिसरीला हात घातला तर मागून आवाज आला.

‘ती राहू द्या. मी बसणार आहे.’

पद्मजाबाई होत्या. बाहेरच्या दाराने पूर्ण इमारतीला वळसा घालून पुन्हा पुढच्या दाराने आल्या होत्या, दम लागला होता. हातात शिक्का मारलेला कागद, शाई वाळावी म्हणून हलवत होत्या. खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घेतली.

‘हं. व्हेवेला बोर्डिंगात राहिला. पहिलं वर्ष संपलं. पुढे सांगा.’

काकांना सुधरेना. दुसरी खुर्ची पुन्हा उघडून ते समोर बसले. चष्मा पुसला, आणि वाचायला लागले. भाषण नव्हे आता, वाचन. घरात वाचायचे तसं, हळू.

पहिलं वर्ष संपलं आणि थ्रेललाही पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागला. आयुष्यभर दुसऱ्यांना दिला, आता स्वतःला हवा. तो ट्रॅमने कॉन्सुलच्या ऑफिसात गेला. टेबलाशी एक तरुण मुलगा होता, नम्र, कामसू, कुठेही नाव ठेवायला जागा नाही. त्याने नाव विचारलं, सही घेतली, शिक्का मारला, कागद दिला, ‘गुड डे सर’ म्हणाला. थ्रेल जरा वेळ तसाच उभा राहिला. मुलाने विचारलं, आणखी काही हवं होतं का? थ्रेल म्हणाला, नाही. त्या संध्याकाळी त्याने बहिणीला लिहिलं, ते काकांनी वाचलं:

‘ॲग्नेस, मी जिवंत असल्याचं आज सिद्ध झालं. ट्रॅममध्ये मी सगळं उत्तर तयार केलं होतं. या वर्षी मी तळ्याकाठच्या बोटी ओळखायला शिकलो, मालकीणबाईंच्या आंधळ्या कुत्र्याशी मैत्री केली, आणि एकदा नाटकाला जाऊन मधेच परत आलो. क्रमसुद्धा ठरवला होता, कुत्रा शेवटी. पण कुणी विचारलंच नाही.’

‘पुढच्या वर्षी युद्ध लागलं,’ काका म्हणाले. ‘त्यानंतरचं एकही पत्र खोक्यात नाही. संपलं.’

संपलं! तीन वर्षांत पहिल्यांदा ते प्रकरण कुणाच्या तरी कानावर संपूर्ण पडलं होतं. काकांना वाटलं होतं की आता काहीतरी मोठं होईल, छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. पलीकडे राजेश टेबलं ढकलत होता, त्यांचे पाय फरशीवर खरखरत होते. पद्मजाबाई हातातल्या कागदाकडे बघत होत्या.

‘मलाही नाही विचारलं कुणी,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ता. त्या शिक्केवाल्या पोराची चूक नाही हो, केवढी गर्दी. नमस्कार आजी म्हणाला, खुर्ची दिली. चांगला होता.’

काकांनी कागद बाजूला ठेवले. अकरा वर्षं एखाद्याच्या पत्रांत राहिलं की त्याच्या सवयी लागतात. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि विचारलं, ‘या वर्षात काय केलंत?’

‘मी?’ पद्मजाबाई गोंधळल्या. ‘मी काय करणार! मुलाकडे असते. सून गोड आहे हो, काही तक्रार नाही.’ मग म्हणाल्या, ‘बसने जायला शिकले. ती फुकटची छोटी बस आहे ना, तिने एकटी लायब्ररीत जाते. पहिल्या दिवशी उतरायचं कळलं नाही, तर गोल फिरून पुन्हा घरापाशीच. ड्रायव्हर हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, गुड मॉर्निंग प्रोफेसर. मी सांगितलं होतं त्याला, प्रोफेसर होते म्हणून. उगीचच.’ त्यांनी पदराने डोळ्यांची कड टिपली. ‘कढीपत्ता मेला. अमरावतीचा नव्हता, इथलाच होता, पण मी रोज बोलायचे त्याच्याशी. थंडीत आत घ्यायला विसरले एक रात्र. नातू म्हणाला, इट्स ओके आजी, वुई कॅन ऑर्डर वन. ऑर्डर कर म्हटलं. पण तो हा नाही ना.’

‘नाहीच,’ काका म्हणाले.

त्या बोलत राहिल्या. मेच्या महिन्यात मुलगा-सून नातवाला घेऊन परदेशी गेले होते, तेव्हा संध्याकाळी त्या स्वतःलाच वर्ग घ्यायच्या, पानांचे प्रकार, देठांचे प्रकार, मोठ्याने, मराठीत, आवाज राहावा म्हणून. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. काका ऐकत होते. थ्रेलचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही, आणि मंडळाच्या इतिहासात ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

बाई थांबल्या. दाखल्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली, चेन लावली. काकांना वाटलं, आता निघतील.

‘आणि तुम्ही?’ त्यांनी विचारलं. ‘तुम्ही काय केलंत या वर्षात?’

थ्रेलचं कुठलंही वर्ष विचारा, घडाघडा सांगतील. एकोणीसशे सव्वीस? ताब्रीझ, अंगदुखी. एकतीस? दाढ. पण स्वतःचं हे वर्ष? त्यांनी आठवून पाहिलं. नाश्ता, लायब्ररी, मिहीरचा फोन, नाश्ता. आपण काहीच केलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि भीती वाटली. तीन वर्षं आपण थ्रेलसाठी माणूस शोधत नव्हतोच. आपल्याविषयी विचारणारं कुणी राहिलं नव्हतं म्हणून आपण त्याच्याविषयी बोलत सुटलो होतो.

‘मार्चमध्ये,’ ते कसेबसे म्हणाले, ‘गराजचं दार अडकलं. अर्ध्यावर.’

आणि थांबले. छे, हे काय सांगण्यासारखं आहे? गराजचं दार! बाई बसने फिरायला शिकल्या, त्यांनी वर्ग घेतले, आणि आपण सांगतोय गराजचं दार. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते खुर्चीतून उठायला लागले.

पद्मजाबाई हलल्या नाहीत. पर्सच्या पट्ट्याशी निघालेला एक दोरा निवडून काढत होत्या, नजर तिथेच होती.

‘मग?’ त्या म्हणाल्या.

काका मटकन बसले. टेबलं ओढण्याचा आवाज थांबला होता. राजेश शेवटचे दिवे बंद करायला निघाला होता, तो दोघांकडे बघून बटणापाशीच थांबला.

‘मग,’ काका म्हणाले, ‘मी ते दुरुस्तच केलं नाही. आत खुंटीला सरलाची बागकामाची टोपी होती. अर्ध्या दारातून ये-जा करत त्या टोपीत एका पक्ष्याने घरटं केलं होतं.’